फिल्म गेली, कुंकू आलं

वही कोरी कधी होते हे शाळेत कुणी शिकवत नाही. मीही आठवीपर्यंतच गेलो, तेव्हा पुढे शिकवत असतील तर माहीत नाही. पण मी वह्यांच्या कारखान्यात आहे, म्हणून सांगतो. रेघा मारल्या, कागद कापला, पुठ्ठा लावला, पिना मारल्या, तरी वही नुसती वही असते. तिच्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म चढली आणि चकाकायला लागली की मग ती कोरी. दुकानदाराला तेव्हाच ती नवी वाटते आणि पोराच्या आईला तेव्हाच ती विकत घ्यावीशी वाटते.

ही फिल्म चढवायचं काम माझं. डझनाचा गठ्ठा करायचा, त्यावर फिल्म ओढायची, तापलेल्या पट्टीनं तिचं तोंड चिकटवायचं आणि सरकत्या पट्ट्यावरून गरम बोगद्यात सोडून द्यायचं. ढगळ झबल्यात गेलेला गठ्ठा बाहेर येईपर्यंत फिल्म आक्रसून त्याच्या अंगाला अशी बसायची की नख घालायला जागा नाही. मला ते बघायला आवडायचं. मे महिन्यात बाहेरचं सोलापूर आणि आतला बोगदा यांत फरक एवढाच, की बोगद्याला बटण होतं.

मी भंडाऱ्याकडचा. चुलतभाऊ टॉवेलच्या कारखान्यात आला होता, त्याच्यामागे मी आलो. तो पुढे परत गेला, म्हणाला इथलं पाणी मानवत नाही. मला मानवलं, कारण परत जाऊन काय करायचं ते मला सुचत नव्हतं. घरी मी सांगितलं होतं की मशीन चालवतो, आणि आईनं ते आमच्या आळीतच काय, नदीपलीकडेही सांगितलं होतं. इथे मात्र मला सगळे नागपूर म्हणतात. मी नागपूर पाहिलंय ते बसच्या खिडकीतून. पण वर्ध्याच्या पुढचं सगळं सोलापूरकरांच्या लेखी नागपूरच, आणि मी ते सुधारायच्या भानगडीत पडलो नाही. परक्या गावात कुणी काही नाव ठेवलं म्हणजे राहू देणार आहेत, असं मी धरून चालतो.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, यांचे माझ्यावर उपकार आहेत. गोदामावरच्या खोलीत त्यांनी मला राहू दिलं. मला कावीळ झाली तेव्हा आपल्या स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेलं, आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, रोज डब्यात मऊ भात पाठवला. तेव्हापासून शेठ माझ्यावर ओरडले तरी मी 'हो जी' म्हणतो आणि नाही ओरडले तरी 'हो जी' म्हणतो. आमच्याकडची बोलायची रीतच ती. इथे त्याची लोकांनी करमणूक केली. मी चहा प्यायला उठलो की पॅकिंगच्या टेबलावरून बायकांचा सूर यायचा, 'हो जीऽऽ'.

पॅकिंगच्या टेबलाची सत्ता अक्काकडे. तेलुगू घरातली, लहानपणापासून बिड्या वळलेली, नवरा यंत्रमागावर कामाला असतानाच गेलेला. बोलायला लागली की समोरच्याची चड्डी ढिली होईल अशी बाई. तिला सगळे अक्काच म्हणतात, शेठसुद्धा.

तर एक दिवस शेठ पुण्याहून आले ते सुधारूनच आले. पुण्यात आमचा एक मोठा खरेदीदार आहे, तो मोठमोठ्या शाळांना वह्या पुरवतो. त्यानं सांगितलं होतं की पुढल्या हंगामापासून तुमच्या मालावर प्लास्टिकचा तुकडा दिसला तर माल परत. शेठनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. खिशातून सुपारीची पुडी काढली, दातानं फाडली, सुपारी तोंडात टाकली, पुडी लिंबाखाली फेकली आणि पर्यावरणावर बोलायला सुरुवात केली.

"समुद्रात कासवं आहेत. त्यांच्या नाकात प्लास्टिक अडकतं."

अक्का म्हणाली, "कुठलं कासव शेठ? आपल्या सिद्धेश्वर तळ्यातलं का?"

"समुद्रातलं गं."

"मग आपल्या वह्या समुद्रात टाकतंय कोण?"

"तू पॅकिंग बघ."

"तेच बघतोय की. कासवाचं तुम्ही काढलं."

बायका पदरात हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, आणि कासवाची दयाही आली नाही. भीती वाटली. समुद्रातून एवढ्या लांब येऊन माझं मशीन बंद पाडणारं जनावर मी कधी ऐकलं नव्हतं. फिल्म गेली की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की मशीनवाल्याला गोदामावरची खोली कशाला ठेवतील?  

मग पुण्याचे साहेब आले. खरेदीदारानंच त्यांना पाठवलं होतं, प्लास्टिक कसं सोडायचं ते आम्हाला शिकवायला. वयानं माझ्याहून लहान. पाठीवर सॅक, हातात तांब्याची बाटली. आमच्या वॉटर कूलरचं पाणी त्यांनी नम्रपणे नाकारलं. जुळे सोलापूर भागातल्या एका हॉटेलात उतरले होते आणि तिथून रिक्षानं येताना रस्त्याच्या कडेचं सगळं प्लास्टिक मोबाइलमध्ये टिपून आणलं होतं, आम्ही जणू पहिल्यांदा बघणार होतो. कारखाना फिरून ते माझ्यापाशी थांबले.

"आपलं काम काय?"

"फिल्म चढवतो जी."

"अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे तुम्हीच ते."

कासवाच्या नाकात बोट घालताना मला रंगेहाथ पकडलं असावं अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल काढला.

"मशीनवर हात ठेवून उभे राहा. हसू नका. घाम पुसू नका, असू दे, छान आहे. हा 'आधी'चा फोटो आहे. आपण एक स्टोरी करतोय, आधी आणि नंतर."

मी घामासकट उभा राहिलो. फोटो झाला. 'नंतर'चा फोटो ते दिवाळीच्या तोंडावर येऊन काढणार होते. त्यात मशीन नसणार हे ठरलेलंच होतं. मशीनशेजारचा माणूस असणार का, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा घेता का जी."

"बिनसाखरेचा," साहेब म्हणाले.

आधी कागदाचा पट्टा आला. गठ्ठ्याला मधोमध कमरपट्ट्यासारखा गुंडाळायचा आणि चिकटवायचा. सकाळी घट्ट बसलेला पट्टा दुपारच्या उन्हात कागद वाळला की ढिला व्हायचा आणि गठ्ठा उचलला की पायातल्या पैंजणासारखा खाली घसरायचा. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "पुण्यात असं होत नाही." मग पट्टा गेला आणि जाड खाकी कागद आला. त्यात सगळा गठ्ठा गुंडाळायचा, दोन्ही तोंडं आत दुमडायची, वरची घडी खोचून डिंकाचा एक ठिपका द्यायचा. म्हणजे मिठाईवाल्याचा पुडा. साहेबांनी त्याला इंग्रजीत काहीतरी मोठं नाव दिलं होतं, आणि शेठ ते फोनवर दर वेळी वेगळ्या पद्धतीनं म्हणायचे.

मशीनचं बटण बंद झालं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून शेठनी उरलेल्या फिल्ममध्येच ते गुंडाळून ठेवायला लावलं. गुंडाळलं मीच.

"आता मी काय करू जी?" मी विचारलं.

"अक्काच्या टेबलावर बस तात्पुरता. मग बघू."

'मग बघू'सारखे वाईट शब्द नाहीत. नाही म्हटलं तर माणूस रडून मोकळा होतो. 'मग बघू'वर झोप लागत नाही.

टेबलावर मी अक्काच्या समोर बसलो. माझ्या हातांना मशीनची सवय, घडी घालायची नाही. माझा पहिला गठ्ठा तिनं दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवला. तिच्या तेलुगूत 'रे'ला 'रा' म्हणतात.

"हा वह्यांचा गठ्ठा आहे का बाळंतिणीचं गाठोडं, रा?"

"हो जी."

"काय हो जी? दोनातलं काय?"

मी पुन्हा गुंडाळला. तिनं पुन्हा सोडला. अशी ती मला दिवसभर सोलत बसायची आणि संध्याकाळी डब्यातली उरलेली शेंगाचटणी कागदात बांधून द्यायची. त्या पुडीची घडी मात्र एकदम सरळ असायची. बहुतेक मी ती बघावी म्हणूनच.

शाळेच्या वह्यांचा हंगाम संपला की आमच्याकडे दिवाळीच्या चोपड्या सुरू होतात. लाल कापडी पुठ्ठ्याच्या. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी चोपडी पाटावर मांडतात, तिची पूजा करतात आणि मग तिच्यात पहिलं अक्षर लिहितात. तोपर्यंत तिच्यात कुणी लिहिणं तर सोडाच, तिला हातही लागता कामा नये. फिल्ममध्ये हे सोपं होतं. आतलं बाहेरून दिसायचं आणि बाहेरचं आत जायचं नाही.

खाकी कागदात उलटं झालं. आत काय आहे ते दिसेना. दुकानदार पुडा उघडून बघायचा, गिऱ्हाईक बघायचं, तिसरा एक नुसता जाता जाता बघायचा, आणि दुकानदार घडी परत खोचून गठ्ठा फळीवर ठेवायचा. नवरात्राआधी मंगळवेढ्याचे एक अडत व्यापारी एसटीतून उतरून गठ्ठा मांडीवर घेऊन आले. ज्वारीचा व्यापार, पांढरी टोपी, आवाज बाजारात कमावलेला. गठ्ठा त्यांनी शेठच्या टेबलावर लांबूनच ठेवला, सुतक असल्यासारखा.

"हे काय पाठिवलंय शेट?"

"चोपड्या. का, काय झालं?"

"उष्ट्या हायती."

शेठ हसले. "वही कधी उष्टी असते का हो?"

"ह्या घडीला चार ठिकाणी मोडलंय, बगा की. चौघांनी हात घालून चाचपलंय हिला. लक्ष्मी वरसातनं एकदा येती माज्यात. तिच्याम्होरं ही मांडू व्हय?"

"हात लागला म्हणून काय झालं? आतली पानं कोरीच आहेत."

"तुमच्या ताटात चौघांनी हात घातला आन जेवला न्हाईत, तर तुमी जेवचाल का?"

शेठ जेवले नसते. मग करमाळ्याहून फोन आला, मग बार्शीहून, आणि गठ्ठे परत यायला लागले. शेठनी कपाळाला हात लावला आणि मला हाक मारली.

"नागपूर, मशीन उघड. चोपड्यांपुरती फिल्म चालू करू."

मी मशीनभोवतीची फिल्म उलगडली. तीन गावांच्या व्यापाऱ्यांचा माल परत आला होता आणि मला आनंद झाला होता. मग असा आनंद होणं हे कावीळ बरी करणाऱ्या माणसाशी बरं नव्हे असं वाटलं. बोगदा तापत होता तोवर साहेबांचा फोन आला.

"एक जरी गठ्ठा फिल्ममध्ये दिसला ना, तर स्टोरी संपली," ते म्हणाले. शेठनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. स्टोरी संपली म्हणजे पुण्याची ऑर्डर संपली. शेठनी माझ्याकडे पाहून हातानंच बटण दाबायची खूण केली. तापलेला बोगदा हळूहळू थंड झाला. मी त्याला परत गुंडाळलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी माग, कातरी, ट्रक, शिलाई मशीन, जे चालतं त्याची पूजा होते. वहिनी तबक घेऊन आल्या. कटिंग मशीनला हळदकुंकू झालं, पिनांच्या मशीनला झालं, माझ्या बंद मशीनलासुद्धा प्लास्टिकवरूनच झालं. वाटीत कुंकू बरंच उरलं. वहिनींचा हात मोकळा. टेबलावर मंगळवेढ्याला जायचे बदली गठ्ठे रचून ठेवले होते, त्यांनाही त्यांनी एकेक बोट लावलं. लावलं ते नेमकं खोचलेल्या घडीवर, अर्धं घडीवर आणि अर्धं खालच्या कागदावर. गठ्ठे तसेच टेम्पोत गेले.

पुढच्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्यांचा फोन आला.

"शेट, असल्याच पाठवा. बोटाच्या."

"कसल्या?"

"कुकवाचं बोट हाय की घडीवर. कुणी उघडली तर बोट फुटतंय. फुटलं न्हाय म्हंजी उघडली न्हाय. आन लक्ष्मीला कुकू चालतंयच. लई झ्याक काडलंय डोकं."

शेठ म्हणाले, "विचार करूनच केलंय." फोन ठेवला आणि घडीवर काय लावलं होतं ते वहिनींना विचारायला घरी फोन लावला.

आता प्रश्न असा आला की रोज एवढ्या गठ्ठ्यांना कुंकू लावणार कोण. वहिनी वर्षातून एकदा येणाऱ्या. शेठ वाटी घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी आले. आधी त्यांची नजर अक्काकडे गेली, कारण टेबल तिचं. मग तिच्या मोकळ्या कपाळाकडे गेली आणि तिथून घाईनं निघाली.

"अक्का, तू नको."

"मी कुठं म्हटलं लावते म्हणून?"

शेजारी भाभी बसायची, मुसलमानाची, मोजायला लई पक्की. ती म्हणाली, "मेरेकू क्या है, लगाती मैं. तुम्हारे मंगळवेढेवालेकू चलता क्या, वो पूछो पहले."

शेठनी ते विचारलं नाही. तिसरी एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "मला चार दिवस नको," आणि खाली बघायला लागली. शेठही खाली बघायला लागले. थोडा वेळ सगळ्यांनी मिळून फरशी बघितली.

मग शेठ म्हणाले, "नागपूर, तू ये."

अशा रीतीनं सबंध कारखान्यात पवित्र हात निघाले ते माझे. मला कुणी काही विचारलं नाही. अक्काला नवरा नसल्याचं, भाभीला धर्माचं, त्या पोरीला तारखेचं आडवं आलं. मला काहीच आडवं आलं नाही, कारण मी नागपूर होतो आणि नागपूर या नावाला जात नसते. आज ना उद्या कुणीतरी विचारेल या भीतीनं मी पहिले काही दिवस मान वर न करता कुंकू लावलं. कुणी विचारलं नाही. व्यापाऱ्यालाही गठ्ठ्यावरचं बोट हवं होतं, बोटामागचा माणूस नको होता.

शेठ म्हणाले, "आता तू तात्पुरता नाहीस. हे तुझं काम." मी हो जी म्हटलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

काम सोपं होतं. वाटीत कुंकू थोडं ओलं करायचं, अनामिकेनं घडीवर दाबायचं. अक्का घडी घालून गठ्ठा माझ्याकडे सरकवायची.

"लई पवित्र निघाले की रा तुझे हात."

"हो जी."

"आंघोळ केलीस का आज?"

"पाणी नव्हतं आलं जी."

सोलापुरात पाणी रोज येत नाही, ते तिलाही माहीत होतं. तिनं भाभीकडे बघितलं. "अय्यो. लाव, लाव. लक्ष्मीला कुठं कळतंय."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती गंमत करायची आणि गठ्ठे सरकवत राहायची. तिचं बोट घडी दाबायला चालत होतं. सगळा गठ्ठा तिच्या हातून जात होता, चोपडीचं पान न् पान तिच्या मांडीवर होतं, आणि फक्त शेवटचा लाल ठिपका तिनं द्यायचा नाही. का, तर ती अशुभ. आणि ती अशुभ होती म्हणून मला काम होतं. तिचं कपाळ मोकळं होतं त्यावर माझी गोदामावरची खोली उभी होती. हे मला त्या वाटीइतकं स्वच्छ दिसायचं, आणि तरी मी रोज सकाळी वाटी भरून घ्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर साहेब 'नंतर'चा फोटो काढायला आले. मशीन त्यांनी आधीच कोपऱ्यात ढकलायला लावलं. मग गठ्ठा उचलून पाहिला.

"हे लाल काय आहे?"

"सील आहे," शेठ म्हणाले. "उघडलं की कळतं."

साहेबांनी गठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "ग्रेट. म्हणजे टेप नाही, स्टिकर नाही, आणि आपल्या मातीतलं. नॅचरल आहे ना?"

"हळदीपासूनचं."

ते कुंकू बाजारातून प्लास्टिकच्या पुड्यांतून यायचं. रिकाम्या पुड्या माझ्या पायापाशी पडल्या होत्या. मी त्या पायानं स्टुलाखाली सरकवल्या आणि फोटोसाठी केस सारखे केले. वाटी हातात घेऊन ताठ बसलो.

साहेब मोबाइलमधून बघत म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

"हो जी. पण कुंकू मीच..."

"तुम्ही आधीच्या फोटोत आहात."

मी उठलो. इतके महिने ज्या प्रश्नानं झोप घालवली होती त्याचं उत्तर इतकं साधं मिळालं.

साहेबांना बाई हवी होती. त्यांनी टेबलावर नजर फिरवली आणि अक्कावर थांबले. "या ताई. यांचा चेहरा छान आहे. ताई, तुम्ही लावताय असा घेऊ. आणि एक टिकली लावाल का कपाळाला? फोटोत बरं दिसेल."

अक्कानं हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"टिकली नको," अक्का म्हणाली. "गठ्ठ्याला लावते."

शेठ पुढे झाले. "साहेब, दुसरी कुणी घ्या ना. ती, ती पलीकडची..."

"नाही नाही, ह्याच. काही प्रॉब्लेम आहे का?"

काय प्रॉब्लेम आहे ते शेठना सांगता आलं नाही. सकाळपासून ते साहेबांना आमचा कारखाना किती नव्या विचारांचा आहे ते ऐकवत होते. म्हणाले, "लाव अक्का. फोटोपुरतं."

"पुरतं म्हणजे किती शेठ?"

उत्तराची वाट न बघता तिनं माझ्या हातातली वाटी घेतली. अनामिका बुडवली आणि घडीवर टेकवली. माझ्यापेक्षा हळू, पण जागा अचूक. मला वाटतं तिला आपलं बोट खूप वर्षांनी लाल दिसलं असेल, कारण उचलल्यावर तिनं ते क्षणभर तसंच धरून पाहिलं. साहेब म्हणाले, "छान. पण उजेड बरोबर नाही, परत एकदा." परत एकदा झालं. मग खिडकीकडून झालं, मग वरून झालं, मग नुसतं बोट झालं. प्रत्येक वेळी नवा गठ्ठा. साहेबांचं समाधान होईपर्यंत टेबलावरच्या सगळ्या ढिगाला अक्काचं बोट लागलं होतं. भाभी हसू दाबायला पाठ फिरवून बसली होती.

साहेब हात धुवायला गेल्यावर शेठ हळू आवाजात म्हणाले, "हा ढीग बाजूला ठेवा. नव्या कागदात गुंडाळा सगळा."

"कागद संपलाय," अक्का म्हणाली. "परवा येणार."

बाहेर मंगळवेढ्याचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पूजा तोंडावर आलेली. शेठनी ढिगाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, अक्काच्या बोटाकडे पाहायचं टाळलं.

"मग बघू," ते म्हणाले आणि साहेबांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. टेम्पोवाला आत आला आणि ढीग उचलून घेऊन गेला.

दिवाळीत सगळे आनंदात आणि मी हिशोबात. मंगळवेढ्यात काही वाईट झालं तर खापर अक्कावर फुटणार. आणि काहीच झालं नाही तर? तर माझ्या बोटाची गरज काय? मी खोलीत पडून दोन्ही बाजूंनी काळजी करत होतो. अक्कासाठी चांगलं व्हावं असं म्हणायचो आणि लगेच ते आपल्याला महाग पडेल असं मनात यायचं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मंगळवेढ्याचे व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. टेबलापाशी सगळ्यांसमोर उभे राहिले.

"औंदा लक्ष्मी लई झ्याक बसली शेट. पूजेला आदी बोट बगितलं, मग चोपडी सोडली. काय ठसठशीत बोट हुतं. कुणाचं वो ते?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. भाभीनं माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे पाहिलं. तिची घडी चालूच होती. खरं बोललो तर व्यापारी पेढे परत नेणार, अक्काचं टेबल जाणार. खोटं बोललो तर तिच्या बोटाचं श्रेय माझ्या खिशात, आणि खोली माझी. यातलं काय बोलायचं ते ठरायच्या आधी तोंडातून सवयीनं निघालं, "हो जी."

"ह्याचंच," अक्का मान वर न करता म्हणाली. "लई पवित्र हाय त्याचं बोट. आंघोळ करून बसतंय."

भाभीला ठसका लागला. व्यापाऱ्यांनी माझ्या हातावर एक पेढा ठेवला आणि चक्क पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर मी पेढा मोडला, एक घास खाल्ला आणि उरलेला अक्कापुढे धरला. दुसरं काय करावं ते मला समजेना.

"अय्यो," ती म्हणाली, "उष्टं देतोय का रा?"

आणि तो घेऊन तिनं तोंडात टाकला.

तेव्हापासून आमचं असं चालतं. शेठ कारखान्यात असले की कुंकवाची वाटी माझ्यापुढे. ते बाहेर गेले की वाटी अक्कापुढे आणि खाकी कागद माझ्यापुढे. तिचं बोट माझ्यापेक्षा भरभर चालतं, आणि माझी घडी आता बाळंतिणीच्या गाठोड्यासारखी दिसत नाही, फार तर एसटीतल्या गाठोड्यासारखी दिसते असं ती म्हणते. स्कूटरचा हॉर्न फाटकाशी वाजला की वाटी परत इकडे येते. भाभी लक्ष ठेवते. व्यापाऱ्यांकडून एकही गठ्ठा उष्टा म्हणून परत आलेला नाही.

साहेबांनी दोन्ही फोटो मोठे करून पाठवले. शेठनी ते फ्रेम करून दारात लावलेत. डावीकडे मी, मशीनवर हात, घामासकट. उजवीकडे अक्का, कुंकवाचं बोट उचललेलं, कपाळ मोकळं. फ्रेम आली तेव्हा तिच्यावर प्लास्टिक होतं, ते शेठनी काच खराब होईल म्हणून अजून काढलेलं नाही. रोज सकाळी ते त्या फोटोखालून आत येतात, मला बघतात आणि म्हणतात, "कुंकू तूच लावायचं हं, नागपूर. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

मी हो जी म्हणतो. अक्का समोरून वाटी माझ्याकडे सरकवते.